गाडी कुठं न्यायची

तेसी : सही हवीय म्हणजे? साडेतीन आठवडे झाले तिला इथं येऊन. इतक्या दिवसांत एकदा दार वाजवलं नाहीस, आणि आज वाजवलंस ते सहीसाठी?

नेनू : शुक्रवारपर्यंत कागद पोचायला हवा. आज बुधवार आहे.

तेसी : वार मलाही कळतात. बूट पूस आधी. माझ्या बहिणीचा नवरा आहेस म्हणून आत घेतेय, नाहीतर दारातूनच परत पाठवला असता.

नेनू : पुसले.

तेसी : आणि ते जाकीट काढ. चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घालून बायकोला भेटायला येतं का कुणी? बस तिथं. घरात अपघात झालाय असं वाटायला लागलं मला.

नेनू : कामावरून आलोय. ट्रक कोपऱ्यावर लावलाय.

तेसी : सेंट आल्बान्समध्ये आता सगळ्यांना कळलं असेल, नेनू प्सायला आला म्हणून. एवढा पिवळाधमक ट्रक. खाणार काही? पास्तित्सी आहेत. वाटाण्याच्या.

नेनू : नको. ती आहे का घरी?

तेसी : आहे. शाळेच्या ऑफिसातून लवकर आली आज. तिचा खांदा दुखतोय, थंडी पडली की दुखतो. विचारलंस का कधी तिचा खांदा कसा आहे ते?

नेनू : हाड जुळलं ना? मेच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले होते, जुळलं.

तेसी : गाडीचा सुटा भाग आहे का तो? जुळलं म्हणे.

ग्रात्सिया : तेसी, पुरे. ऐकू येतंय मला सगळं.

तेसी : ऐकू यावं म्हणूनच बोलतेय.

नेनू : कशी आहेस?

ग्रात्सिया : बरी आहे. कसला कागद आहे?

नेनू : अपघाताच्या गाड्या ओढायच्या माझ्या मान्यतेचं नूतनीकरण आहे. तीन वर्षं झाली. ह्या महिनाअखेरीला मुदत संपतेय.

ग्रात्सिया : ते ठाऊक आहे मला. मागचे सगळे अर्ज मीच भरलेत. पोलिसांचा दाखला आणलास?

नेनू : आणला. स्वच्छ आहे.

ग्रात्सिया : डॉक्टरांचा?

नेनू : तोही झाला. डोळे ठीक, साखर थोडी वाढलीय, पण चालते म्हणाले. गाडी चालवण्याच्या नोंदीही दिल्या. सगळं लागलंय, एक सोडून.

तेसी : आणि झोप? झोपेचं विचारतात की नाही ते?

नेनू : विचारतात. ठीक आहे म्हटलं.

तेसी : ठीक आहे म्हटलंस.

ग्रात्सिया : तेसी, त्याला बोलू दे. काय राहिलंय?

नेनू : नूतनीकरणाच्या वेळी ते जुने चार-पाच फॉर्म काढून तपासतात. अपघाताच्या जागी आपण गाडीवाल्याची सही घेतो ना, तेच फॉर्म. कुणाची गाडी, कुठून उचलली, कुठं नेऊन ठेवली. त्यात तुझा निघाला. अकरा मार्चचा.

ग्रात्सिया : मग?

नेनू : त्यांनी पत्र पाठवलंय. हे बघ. तूच वाच, मला नीट सांगता येणार नाही.

ग्रात्सिया : “अपघातग्रस्त वाहन चालकाने स्वतःच्या निवासस्थानी नेऊन ठेवल्याचे दिसून येते. वाहनाच्या मालक श्रीमती ग्रात्सिया ग्रिक्स्टी यांचा चालकाशी असलेला संबंध, तसेच वाहन सदर पत्त्यावर नेण्याचे कारण, याचा लेखी खुलासा मालकांकडून सादर करावा. चालक योग्य व सचोटीची व्यक्ती असल्याबाबत समाधान झाल्याशिवाय...”

तेसी : योग्य आणि सचोटीची व्यक्ती. ते तर आम्हालाही बघायचंय.

नेनू : तसं लिहितातच ते, सगळ्यांना. काही टो ट्रकवाले ठोकलेल्या गाड्या घरी नेऊन ठेवायचे. मग माणसाच्या मागे लागायचे, अमक्याच गॅरेजात दुरुस्त कर, नाहीतर गाडी सोडत नाही. म्हणून नियम आला. गाडी आपल्या घरी नेली म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे असं धरूनच चालतात.

तेसी : बायकोची गाडी नवऱ्याच्या घरी नेली, यात काळंबेरं काय? आडनाव वेगळं म्हणून?

नेनू : आडनाव वेगळं. आणि पत्ताही.

ग्रात्सिया : पत्ता.

नेनू : मालकाचा पत्ता त्यांनी परवान्यावरून काढला. पत्रात लिहिलाय, मागच्या पानावर. हा इथला.

तेसी : बदललास तू पत्ता?

ग्रात्सिया : दोन आठवडे झाले. बदलला की कळवायला लागतं. नियम आहे. ते परवान्याच्या मागं चिकटवायची चिठ्ठी पाठवतात, मी ती चिकटवली.

नेनू : मला पत्रातून कळलं.

ग्रात्सिया : हो. तुला कागदावरूनच कळतं सगळं.

तेसी : मी चहा ठेवते.

ग्रात्सिया : बस तेसी. कुणाला नकोय चहा. नेनू, तू फोन करून सांगितलं नाहीस का त्यांना? बायको आहे म्हणून?

नेनू : सांगितलं. ती बाई बरी होती बोलायला. म्हणाली, लेखी हवं, आणि ते मालकानंच द्यायला हवं. माझ्या वतीनं मीच बोललेलं चालत नाही. आमचा डेपो सांभाळते त्या डेनीसनं मजकूर करून दिलाय. तू फक्त वाचून सही कर.

ग्रात्सिया : आण इकडे. चष्मा दे गं तेसी, तिथं पावाच्या डब्यावर असेल.

तेसी : हा घे. आणि नाही दिली सही तर काय होईल? फासावर देतील?

नेनू : मान्यता थांबेल. अपघाताच्या गाडीला हात लावता येणार नाही. बंद पडलेल्या गाड्या ओढायच्या मग, बाजाराच्या पार्किंगमधून. त्याला मान्यता लागत नाही. ते कुणालाही जमतं.

तेसी : मग ते कर की. तुझं वय काय आता, सत्तावन्न? काचा झाडायचं वय आहे का हे?

नेनू : एकोणतीस वर्षं केलंय मी ते.

तेसी : म्हणून म्हणते.

नेनू : मला दुसरं काही येत नाही, तेसी. खरंच येत नाही. बंद पडलेली गाडी उचलायची म्हणजे माणूस फोनवर बोलत उभा असतो, घाई करा म्हणतो. तिथं माझं काही काम नसतं. अपघाताला गेलो की लोक मला बघून गप्प होतात. काय करायचं ते सांगणारा कुणीतरी आला असं वाटतं त्यांना. ते गेलं तर सकाळी उठून जाकीट कशाला घालायचं ते मला सांगता येणार नाही.

ग्रात्सिया : डेनीसनं एक ते पाच मुद्दे काढलेत.

नेनू : कचेरीला तसे लागतात.

ग्रात्सिया : एक. “चालकाने जागेवर पोचल्यावर आपले नाव सांगितले व मान्यतेचे कार्ड दाखवले.”

नेनू : दाखवलं होतं.

ग्रात्सिया : दाखवलं होतंस. मी फुटपाथच्या कडेला बसले होते. कुणीतरी बाईनं टॉवेल दिला होता, तो कपाळाला धरला होता मी. डावा हात उचलत नव्हता. तू समोर येऊन उभा राहिलास आणि गळ्यातलं कार्ड पुढं केलंस. म्हणालास, माझं नाव एमान्युएल प्सायला.

तेसी : काय?

ग्रात्सिया : अपघात वाहतुकीचा मान्यताप्राप्त चालक. मग नंबर सांगितलास.

तेसी : तू हे मला कधी सांगितलं नाहीस.

ग्रात्सिया : काय सांगायचं? नवऱ्यानं नाव सांगितलं म्हणून तक्रार करायची?

नेनू : सांगावंच लागतं ते. पहिलं तेच.

ग्रात्सिया : दोन. “सदर वाहनाचा चालक कोण, याची खात्री करून घेतली.” घेतलीस. मला विचारलंस, ही गाडी तुम्ही चालवत होता का, मॅडम.

तेसी : मॅडम.

ग्रात्सिया : तीन. “सहीसाठी कोणताही दबाव आणला नाही.” नाही आणला. पेन उजव्या हातात दिलंस. डावा लागलाय हे तुझ्या लक्षात आलं होतं. फॉर्मखाली पुठ्ठा धरलास, मला लिहिता यावं म्हणून. फार नीट केलंस सगळं.

नेनू : ग्रात्सिया.

ग्रात्सिया : मी चेष्टा करत नाहीय. खरंच नीट केलंस. चार. “रस्त्यावरील काचा व तुकडे उचलून रस्ता मोकळा केला.” अँब्युलन्सचं दार लावत होते तेव्हा मी तुला बघितलं. खराटा घेऊन झाडत होतास. कडेकडेनं, कोपऱ्यातनं. ते मला म्हणाले, नवऱ्याला वगैरे कुणाला कळवायचंय का. मी म्हटलं, तो कामावर आहे.

तेसी : देवा.

ग्रात्सिया : चूक नव्हतं ते. कामावरच होता.

नेनू : मी आलो ना नंतर. हॉस्पिटलात आलो.

ग्रात्सिया : सव्वासहाला आलास. ट्रक डेपोत लावून, हात धुऊन आलास. आणि फॉर्मची माझी प्रत घेऊन आलास. गुलाबी. ती उशाच्या टेबलावर ठेवलीस, पाण्याचा ग्लास वर ठेवून, उडू नये म्हणून.

नेनू : ती द्यावी लागते. चोवीस तासांत.

तेसी : अरे, हिच्या बरगड्या मोडल्या होत्या.

नेनू : दोन. ठाऊक आहे मला.

तेसी : तुला ठाऊक आहे. फुलं नाही, फळं नाही, प्रत घेऊन गेलास.

नेनू : तेसी, मला काही म्हण. मी काही म्हणणार नाही उलट.

तेसी : तेच तर. कधीच म्हणत नाहीस. भिंतीशी बोलल्यावर निदान आवाज तरी परत येतो.

ग्रात्सिया : तिच्यावर रागावू नकोस. तिला वाटतं मी रागावलेय, म्हणून ती माझ्या वाटचं भांडतेय. मला राग आला असता तर बरं झालं असतं. मला काहीच आलं नाही, नेनू. अकरा आठवडे ती गाडी आपल्या दारात उभी होती. स्वैपाकघराच्या खिडकीतून रोज दिसायची, पुढचं चाक आत वळलेलं. मी भांडी घासत तिच्याकडे बघायचे आणि मला काही वाटायचं नाही. मग एक दिवस तू समोर बसून जेवत होतास, आणि तुझ्याकडे बघूनही तसंच झालं. तेव्हा मी बॅग भरली.

नेनू : विमावाल्यांचा माणूस बघून गेल्याशिवाय हलवता येत नव्हती.

ग्रात्सिया : हो. सांगितलं होतंस.

नेनू : तू गेलीस आणि चौथ्या दिवशी तो आला. नेली मग.

ग्रात्सिया : मी एक विचारू? ती गुलाबी प्रत मी खूपदा वाचली. हॉस्पिटलात दुसरं वाचायला काही नव्हतं. तू वेळा लिहिल्यास तिच्यावर. जागेवर पोचलो, तीन बारा. ग्राहकाची सही, तीन तेवीस.

नेनू : बरोबर.

ग्रात्सिया : फॉर्म भरायला तुला दोन मिनिटं लागतात. तूच सांगायचास, दोन मिनिटांत सही घेतली नाही तर माणूस विचार करायला लागतो. उरलेली नऊ मिनिटं कुठं गेली?

नेनू : गर्दी होती. बॅलॅरट रोडचा तो चौक, तुला माहीत आहे. ट्रक लावायला...

ग्रात्सिया : ट्रक लावल्यावरच तू पोचल्याची वेळ लिहितोस. त्याच्या आधी नाही. एकोणतीस वर्षांत एकदा नाही.

नेनू : नाही.

ग्रात्सिया : मग?

नेनू : कॅबमध्ये बसलो होतो.

ग्रात्सिया : काय करत?

नेनू : काही नाही. बसलो होतो.

ग्रात्सिया : माझी गाडी आहे हे कधी कळलं तुला?

नेनू : वळतानाच. पाळी आमच्या डेपोची होती, कंट्रोल रूमनं फक्त सांगितलं पांढरी छोटी गाडी आणि एक पिकअप. पांढऱ्या छोट्या गाड्या छप्पन्न असतात. वळलो तेव्हा नंबरप्लेट दिसली. मागची. मागून काही झालं नव्हतं.

ग्रात्सिया : आणि मी?

नेनू : तूही दिसलीस. कडेला बसली होतीस. मान हलत होती तुझी. त्या टॉवेलवाल्या बाईशी बोलत होतीस. म्हटलं, जिवंत आहे.

ग्रात्सिया : मग उतरला का नाहीस?

नेनू : पाय उचलेना.

तेसी : नेनू...

नेनू : हसू नका. नुसतं दार उघडून खाली उतरायचं होतं. हात दाराला होता माझा. पण उतरून काय करायचं ते मला कळेना. लोक काय करतात अशा वेळी? मी रोज बघतो, नवरे येतात, धावत येतात, रस्त्यातच गुडघ्यावर बसतात, ओरडतात. मी त्यांना म्हणतो, साहेब, जरा बाजूला व्हा. आता मी तो माणूस होतो आणि मला ते करता येईना. मला वाटलं मी उतरलो तर रस्त्यातच पडेन, आणि मग तुला कोण बघेल.

ग्रात्सिया : मग?

नेनू : मग फॉर्म दिसला. तिथंच असतो, समोरच्या कप्प्यात. तो हातात घेतला. तारीख लिहिली. रस्त्याचं नाव लिहिलं. मग पाय हलले. फॉर्म हातात असला की मला पुढचं माहीत असतं. नाव सांगायचं, कार्ड दाखवायचं. मी तुझ्या तोंडाकडे नाही बघितलं, ग्रात्सिया. कुणाच्याच बघत नाही मी. पहिल्या वर्षी बघायचो, तेव्हाचा एक चेहरा अजून जात नाही. तेव्हापासून हातांकडेच बघतो. तुझ्या हाताकडे बघितलं. अंगठी बघितली. आणि म्हटलं, आता थांबलो तर संपलं. म्हणून मॅडम म्हटलं.

ग्रात्सिया : हे तू हॉस्पिटलात का नाही सांगितलंस?

नेनू : काय सांगायचं? घाबरून बसलो होतो असं?

ग्रात्सिया : हो. तेवढंच.

नेनू : मला वाटलं, काम नीट झालं हे तरी तुला कळेल.

ग्रात्सिया : मला वाटलं, तू मला ओळखलंच नाहीस. मग वाटलं, ओळखलंस आणि तरीही. दोन्हीपैकी कुठलं जास्त वाईट याचा मी हिशेब करत बसायचे. तू कॅबमध्ये बसला असशील असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

तेसी : आता तरी एक पास्तित्सी खा. गार झाल्या.

नेनू : नको.

तेसी : खा म्हणते ना. तोंड बघ कसं झालंय.

ग्रात्सिया : पाचवा मुद्दा राहिला.

नेनू : तोच महत्त्वाचा आहे. बाकीचे नसले तरी चालतील म्हणाली डेनीस.

ग्रात्सिया : “वाहन कुठे न्यावे हे ठरवण्याचा अधिकार माझा असल्याचे चालकाने मला समजावून सांगितले. त्यानुसार वाहन घरी न्यावे, अशी सूचना मी स्वतः चालकाला केली.”

नेनू : हो. ते असलं की बाकी सगळं सुटतं. गाडीवाल्यानं सांगितलं तिथं नेली. मग ते घर कुणाचं का असेना.

ग्रात्सिया : मी अशी सूचना केली नव्हती.

नेनू : केलीस. मी विचारलं, कुठं न्यायचं. तू म्हणालीस, घरी. मी तसंच लिहिलं. तुझ्या समोर लिहिलं.

ग्रात्सिया : कुठं न्यायचं, एवढंच म्हणालास तू. गाडी हा शब्द नव्हता त्यात.

नेनू : गाडीच नेतो मी. दुसरं काय नेणार?

ग्रात्सिया : मी गाडीचं नव्हते सांगत, नेनू. गाडी माझ्या ध्यानातही नव्हती. तू समोर उभा होतास. तीस वर्षं संसार केलेला माझा नवरा समोर उभा होता आणि विचारत होता, कुठं न्यायचं. मी म्हटलं, घरी. मला घरी ने म्हणत होते मी.

तेसी : मी... मी आत आहे. लागलं तर हाक मारा.

(तेसी आत जाते. नेनू जाकीट मांडीवर घेऊन बसलाय.)

नेनू : मी लिहिलं, घरी. पत्ताही न विचारता लिहिला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच पत्ता विचारायला लागला नाही.

ग्रात्सिया : हो.

नेनू : मला बरं वाटलं होतं तेव्हा, पत्ता लिहिताना. वाटलं, म्हणजे हिला गाडी डेपोच्या यार्डात नको, घरीच हवी. म्हणून मी ती अकरा आठवडे... मला वाटत होतं तुलाच ती तिथं हवीय.

ग्रात्सिया : माझं हाड मोडलं होतं. मला माझ्या बिछान्यात जाऊन पडायचं होतं.

नेनू : अँब्युलन्सवाल्यांनी सोडलं नसतं.

ग्रात्सिया : नसतं सोडलं. पण तू म्हणाला असतास, नेतो.

नेनू : दे तो कागद इकडे.

ग्रात्सिया : कशाला?

नेनू : राहू दे. खोटं लिहायला नको तू. मी कळवतो त्यांना, ग्राहकाची सूचना मला नीट कळली नव्हती. तसं झालं तर खरं म्हणजे गाडी यार्डातच न्यायला हवी होती. माझी चूक झाली.

ग्रात्सिया : मग मान्यता?

नेनू : नाही मिळणार. डेनीसला आधीच सांगून ठेवतो म्हणजे ती दुसरा माणूस बघेल. बंद गाड्यांचं बघू. ह्या वयात लोक निवृत्तही होतात.

ग्रात्सिया : तुला चालेल?

नेनू : नाही चालणार. पण तू सही केलीस आणि मी ते कार्ड गळ्यात घातलं, तर दर वेळी कुणाला कुठं न्यायची विचारताना... मला विचारता येणार नाही, ग्रात्सिया. तोंडच उघडणार नाही.

ग्रात्सिया : उघडेल. पुढच्या वेळी गाडी हा शब्द घाल त्यात.

नेनू : तू सही नको करूस.

ग्रात्सिया : ह्याच्यावर नाहीच करत. हे डेनीसचं आहे, माझं नाही. तिथला तो पॅड दे. आणि पेन. तुझ्या खिशातलं चालेल.

नेनू : काय लिहितेस?

ग्रात्सिया : थांब. शाळेत रोज दहा पत्रं लिहिते मी, एक तुझ्यासाठी लिहिता येईल.

नेनू : तुझा खांदा.

ग्रात्सिया : डावा दुखतो. उजव्यानं लिहिते.

नेनू : हो. खरंच की.

ग्रात्सिया : तुझ्या मान्यतेचा नंबर तोच ना जुना?

नेनू : तोच.

ग्रात्सिया : मला पाठ आहे तो. ऐक. “चालक एमान्युएल प्सायला हे माझे पती आहेत. अकरा मार्च रोजी जागेवर त्यांनी मला आपले नाव सांगितले, कार्ड दाखवले आणि आपली सर्व कर्तव्ये नियमाप्रमाणे पार पाडली. त्यांनी कुणाकडूनही काही लाभ घेतला नाही. कुठे न्यायचे, असे त्यांनी मला विचारले. मी, घरी, असे उत्तर दिले.”

नेनू : गाडीचं नाही लिहिलंस.

ग्रात्सिया : तूही नव्हतास म्हणाला. जे बोललो तेवढंच लिहिलंय. यात खोटं काही नाही.

नेनू : नाही. पण त्यांना पत्त्याचं हवंय. ते घर तुझं होतं की नव्हतं. पत्रातला मुख्य मुद्दा तोच आहे.

ग्रात्सिया : तेच लिहितेय आता.

नेनू : सध्याचा पत्ताही घालावा लागेल. हा. तेसीचा.

ग्रात्सिया : घातलाय वर.

नेनू : मग आपला कसा लिहिणार?

ग्रात्सिया : वाच तूच.

नेनू : “वाहन ज्या पत्त्यावर नेण्यात आले, ते त्या दिवशी माझे घर होते.”

ग्रात्सिया : बरोबर आहे?

नेनू : होतं.

ग्रात्सिया : कचेरीला पुरेल ना एवढं?

नेनू : पुरेल. त्यांना त्या दिवसापुरतंच हवंय.